सांडपाण्याची वाहिनी आखण्याआधी: ओढा, झाडं आणि जिवांची पाहणी

सांडपाणी शक्यतो पंपाशिवाय, उतारानंच वाहून न्यायचं असतं. म्हणून मुख्य वाहिनी त्या भागातल्या सगळ्यात सखल जागेतून जाते, आणि सगळ्यात सखल जागा म्हणजे ओढ्याचा काठ. ओल तिथे टिकते, जुनी ढोलीची झाडं तिथे उरलेली असतात, खंड्या तिथल्याच मातीच्या उभ्या दरडीत बीळ करतो, बेडूक तिथल्याच डबक्यांत अंडी घालतात. वाहिनीला सोयीची जागा आणि जिवांच्या वस्तीची जागा बहुतेक वेळा एकच निघते.

प्रकल्प झाला नाही तर कच्चं सांडपाणी त्याच ओढ्यात जात राहतं. त्यामुळे ‘बांधायचं की नाही’ हा प्रश्न पाहणीपुढे क्वचितच असतो. वाहिनी कुठून न्यायची, कशी ओलांडायची, कोणत्या महिन्यांत खोदायचं आणि शुद्ध केलेलं पाणी कुठे सोडायचं, हे खरे प्रश्न. त्यांची उत्तरं नकाशावरची रेघ हलू शकते तोवरच कामाची. मॅनहोलच्या तळपातळ्या एकदा ठरल्या की मधलं एक वळण बदललं तरी पुढच्या सगळ्या पातळ्या बदलतात. त्या टप्प्यावर आलेला उत्तम अहवालही फक्त फाइलला जोडला जातो.

रेघ हलवली तर काय होतं

पाइपातली घाण तळाशी बसू नये म्हणून पाण्याचा वेग सेकंदाला किमान ०.६ मीटर तरी लागतो. २०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपाला त्यासाठी साधारण २५० मीटरला १ मीटर उतार द्यावा लागतो, म्हणजे किलोमीटरला ४ मीटर. झाडांच्या एका जुन्या राईला वळसा घालण्यात लांबी २५० मीटरनं वाढली, तर पुढची सगळी वाहिनी १ मीटर खाली जाते. किंवा काठापासून ३० मीटर दूर, चढाच्या बाजूला सरकायचं ठरवलं आणि जमिनीचा चढ ५ टक्के असला, तर चर तिथल्या तिथे दीड मीटरनं खोल होतो.

खोल चर म्हणजे रुंद चर, जास्त माती आणि भूजलाचा जास्त उपसा. एका मर्यादेनंतर खोल खोदण्यापेक्षा पंपिंग स्टेशन बांधणं परवडतं. मग त्याचा आवाज, दिवे आणि वीज गेल्यावर बाहेर पडणारं पाणी हे नवे प्रश्न उभे राहतात. म्हणून ‘काठापासून दूर जा’ एवढा सल्ला पुरत नाही. परिसंस्थेचा अभ्यासक आणि वाहिनीचा आराखडा करणारा अभियंता यांनी एकाच समोच्च रेषांच्या, म्हणजे जमिनीची उंची दाखवणाऱ्या, नकाशावर एकत्र बसायला हवं. अभ्यासकानं त्या नकाशावर तीन प्रकारच्या जागा रंगवून द्याव्यात: जिथे अजिबात जायचं नाही, जिथे चर न खोदता जमिनीखालून बोअर करून जाता येईल, आणि जिथे ठरावीक महिन्यांत उघडा चर चालेल. अभियंत्याला पातळ्या जुळवायला अशी माहिती लागते. दुर्मीळ प्रजातींची नुसती यादी हाती देऊन त्याचं काम होत नाही.

नुकसानाचा हिशोब करताना चराची रुंदी धरणं ही नेहमी होणारी चूक. लहान पाइपासाठी चर जेमतेम १ मीटर रुंद असतो. पण पोकलेन उभा राहायला जागा, ट्रकचा रस्ता, वरच्या मातीचा ढीग, खालच्या मातीचा वेगळा ढीग आणि पाइप ठेवायची जागा मिळून कामाचा पट्टा सहज १५ मीटर होतो. १ किलोमीटर वाहिनीला चर ०.१ हेक्टर, पट्टा १.५ हेक्टर. शिवाय साहित्याचं आवार आणि तिथवर जाणारा तात्पुरता रस्ता वेगळाच. हे सगळं नकाशावर आलं नसेल तर पाहणी अर्ध्याच जागेची झाली.

आधी कागदावर, मग पायी

सुरुवात जुने नकाशे आणि गेल्या १०-१५ वर्षांची उपग्रह छायाचित्रं यांनी करावी. ओल्या आणि कोरड्या, दोन्ही ऋतूंतली घ्यावीत. उन्हाळ्यात मोकळं मैदान दिसणारी जागा पावसानंतर दोन महिने पाणथळ असते, हे एका चित्रात कळत नाही. पक्षी आणि वनस्पतींच्या खुल्या नोंदी ऑनलाइन मिळतात. त्या वाचताना मात्र लक्षात ठेवायचं की नकाशावरच्या रिकाम्या जागी बहुधा निरीक्षक गेलेलाच नसतो. रिकाम्या जागेचा अर्थ ‘तिथे काही नाही’ असा काढू नये.

मग संपूर्ण मार्ग चालायचा. गाडीतून, पुलावरून पाहायचा नाही. चालताना जमिनीचे तुकडे नकाशावर पाडत जायचे: गवताळ, झुडपी, काठचं झाडोरं, दलदल, खडकाळ, पडीक, शेत. प्रत्येक तुकड्यात वनस्पतींचे नमुना चौकोन घ्यायचे. गवत आणि छोट्या रोपांना १ मीटर बाय १ मीटर, झुडपांना ५ बाय ५, झाडांना १० बाय १० हे रूढ आकार. चौकोन आवडत्या जागी टाकू नयेत. अंतर आधी ठरवून किंवा यादृच्छिक निवडीनं टाकावेत. नाहीतर सगळे चौकोन फुललेल्या भागात पडतात आणि आकडेवारी फसवी होते.

झाडाची नोंद करताना प्रजातीसोबत खोडाचा व्यासही मोजायचा, कारण मुळांचं संरक्षण त्यावरच ठरतं. ब्रिटिश मानक ५८३७ नुसार जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर व्यास मोजून त्याच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ मुळांसाठी राखायचं. ५० सेंटिमीटर व्यासाच्या झाडाला ६ मीटर. झाडाची बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटिमीटर मातीत आडवी पसरलेली असतात. म्हणून खोडापासून दोन मीटरवर चर खणला आणि ‘झाड तर तोडलं नाही’ असं म्हटलं, तरी एका बाजूची मुळं संपलेली असतात. असं झाड लगेच मरत नाही. पानं विरळ होत काही वर्षांत वाळतं किंवा वादळात पडतं. तेव्हा त्याचा संबंध चराशी कोणी जोडत नाही. वर्तुळातून जाण्यावाचून इलाज नसेल, तर मुळांच्या थराखालून बोअर करावं.

ढोल्या, सुटलेली साल, वाळलेल्या फांद्या यांची नोंद वेगळी ठेवावी. वटवाघळं, घुबडं, पोपट यांची वस्ती अशाच झाडांत असते, आणि वाळकं झाड ‘निरुपयोगी’ म्हणून सगळ्यात आधी तोडलं जातं. काठाच्या उभ्या दरडीतली बिळं, पाणमांजरांची विष्ठा आणि पायवाटा, खेकड्यांच्या बिळांचे पट्टे, एकाच ठिकाणी साचणारी हंगामी डबकी यांना नकाशावर बिंदू हवेतच.

ऋतू आणि फेऱ्या

एकाच भेटीत केलेल्या पाहणीवर आमचा विश्वास नाही, आणि त्यामागे साधं गणित आहे. समजा एखादा बेडूक तिथे राहतो आणि एका रात्रीच्या फेरीत तो सापडण्याची शक्यता ४० टक्के आहे. एकच फेरी केली तर तो निसटण्याची शक्यता ६० टक्के. तीन फेऱ्यांत सापडण्याची शक्यता ७८ टक्क्यांवर जाते, पाच फेऱ्यांत ९२ टक्क्यांवर. अहवालात ‘आढळला नाही’ असं लिहिलं असेल तर पहिला प्रश्न विचारावा: किती फेऱ्या, कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी?

कंदवर्गीय वनस्पती आणि जमिनीवरची ऑर्किडं वर्षातले काही आठवडेच वर दिसतात. एरवी ती मातीखाली कंदाच्या रूपात असतात. पक्ष्यांची गणना सूर्योदयानंतरच्या पहिल्या तीनचार तासांत करायची, तीही विणीच्या काळात आणि स्थलांतराच्या काळात वेगवेगळी. बेडकांसाठी पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रात्री हव्यात. वटवाघळांसाठी आवाज टिपणारी यंत्रं सलग काही रात्री लावतात. एका रात्री वारा किंवा पाऊस असला तर ती नोंद पोकळ ठरते. कॅमेरे काही आठवडे तरी राहू द्यावेत, आणि पाणवठ्याबरोबर ओढा ओलांडणाऱ्या वाटांवरही लावावेत.

पाण्यातला डीएनए तपासण्याची पद्धत आता बरीच वापरली जाते: पाणी गाळायचं, गाळणीवर अडकलेल्या सूक्ष्म अवशेषांतून कोणत्या प्रजाती आहेत ते प्रयोगशाळेत ओळखायचं. लपून राहणाऱ्या माशांना आणि उभयचरांना ती फार उपयोगी. पण वाहत्या पाण्यात डीएनए खाली वाहून येतो, त्यामुळे प्राणी नमुन्याच्या जागी आहे की बराच वर, हे तिच्यातून कळत नाही. संख्याही कळत नाही. शोध कुठे घ्यायचा ते ठरवायला ती वापरावी.

पाहणी जुनी होते. ब्रिटनमधल्या परिसंस्था-तज्ज्ञांची व्यावसायिक संस्था सीआयईईएम हिच्या २०१९ च्या टिपणानुसार १२ महिन्यांच्या आतली माहिती सहसा ग्राह्य, १८ महिन्यांनंतर काही भाग नव्यानं तपासावा लागण्याची शक्यता मोठी, आणि ३ वर्षांवरची बहुधा कालबाह्य. सांडपाण्याचे प्रकल्प मंजुरीत वर्षानुवर्षं अडकतात. पुन्हा पाहणीचा खर्च आणि वेळ पहिल्या दिवशीच वेळापत्रकात धरलेला बरा.

पाणी जिथे सोडायचं तिथे

बांधकामाचा त्रास काही महिन्यांचा. शुद्ध केलेलं पाणी मात्र रोज, पुढची अनेक दशकं ओढ्यात पडणार. त्यामुळे आमच्या मते पाहणीचा सगळ्यात जास्त वेळ इथे जायला हवा. प्रत्यक्षात उलट होतं, कारण तोडलेलं झाड दिसतं आणि मेलेली अळी दिसत नाही.

नमुन्याची ठिकाणं निदान तीन हवीत: सोडण्याच्या जागेच्या वर एक, पाणी पूर्ण मिसळल्यावर एक, आणि बऱ्याच अंतरावर खाली एक. हे शेवटचं ठिकाण महत्त्वाचं. पाण्यातला प्राणवायू नळाच्या तोंडाशी सर्वांत कमी नसतो. जिवाणू घाण खात पुढे जातात तसा तो घटत जातो, तळ गाठतो आणि मग हळूहळू भरून येतो. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीवरच्या कामातून १९२५ मध्ये या घसरणीचं गणित मांडलं, आणि आजही प्राथमिक अंदाजाला तेच वापरतात. प्रवाहाच्या वेगानुसार हा खालचा बिंदू काही किलोमीटर दूरही असू शकतो. नळापासून शंभर मीटरवर ‘प्राणवायू ठीक’ असा निष्कर्ष काढून थांबलेली पाहणी नेमका तोच चुकवते.

मोजायची वेळही ठरलेली हवी. शेवाळं दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री वापरतं, म्हणून प्राणवायू पहाटेपूर्वी सगळ्यात कमी असतो. दुपारी शेवाळं कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते सांगणारा आकडा, तेव्हा सर्वांत जास्त असतो. सकाळी दहाला घेतलेला नमुना दोन्ही टोकं चुकवतो. नमुना घेणाऱ्याची सोय सकाळी दहाची असते. जीव मरतात ते पहाटे चारला. म्हणून चोवीस तास नोंद ठेवणारा संवेदक निदान काही दिवस पाण्यात ठेवावा.

पीएचला एवढं महत्त्व अमोनियामुळे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातलं वायुरूप जास्त विषारी. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी हे रूप सुमारे ०.६ टक्के असतं. पीएच ८ ला ते ५ टक्क्यांच्या वर जातं, ९ ला ३६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे प्रयोगशाळेच्या कागदावरचा एकूण अमोनियाचा आकडा तोच राहिला, तरी दुपारी ओढ्यात विष कित्येक पट वाढलेलं असू शकतं. गोड्या पाण्यातले शिंपले आणि गोगलगायी याला फार नाजूक. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०१३ मध्ये त्यांचीच माहिती धरून मर्यादा कडक केली: पीएच ७ आणि २० अंशांना दीर्घकाळासाठी लिटरला १.९ मिलिग्रॅम. ओढ्यात शिंपले असतील तर प्रक्रिया केंद्राला अमोनियाचं नायट्रेट करणारी पायरी लागेल, म्हणजे मोठी टाकी आणि जास्त हवा. शिंपल्यांची नोंद आराखड्यापूर्वी हवी ती यासाठी.

क्लोरीनचं असंच. जंतू मारण्यासाठी घातलेलं क्लोरीन थोडं उरतं. त्याच संस्थेची गोड्या पाण्यातल्या जिवांसाठीची दीर्घकालीन मर्यादा लिटरला ११ मायक्रोग्रॅम आहे. नळातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरलं असेल, तर त्या पातळीला यायला सुमारे ४५ पट सौम्य व्हावं लागतं. कोरड्या महिन्यांत ओढ्यात तेवढं पाणी नसतंच. कधीकधी सगळा प्रवाह सोडलेल्या पाण्याचाच असतो. तेव्हा सोडण्यापूर्वी क्लोरीन काढणं किंवा अतिनील किरणांनी जंतू मारणं हाच मार्ग. सौम्यतेचा हिशोबही वर्षाच्या सरासरी प्रवाहावर करू नये; दहा वर्षांत एकदा येणारा सात दिवसांचा किमान प्रवाह धरण्याची पद्धत यासाठीच रूढ झाली आहे.

पाण्याच्या तपासणीसोबत तळाचे जीव पाहायचे. ०.५ मिलिमीटर छिद्रांची जाळी प्रवाहात धरून तिच्या वरच्या अंगाला तीन मिनिटं पायानं तळ ढवळायचा, आणि जाळीत आलेले कीटक कुळानुसार ओळखायचे. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय यांच्या अळ्या स्वच्छ, प्राणवायूयुक्त पाण्याच्या खुणा. लाल रंगाच्या कायरोनोमिड अळ्या आणि बारीक गांडुळंच उरली असतील तर ओढा आधीच गुदमरलेला आहे. रासायनिक नमुना त्या क्षणाचं सांगतो. हे जीव गेल्या कित्येक आठवड्यांचं सांगतात.

आधीच खराब झालेल्या ओढ्याबद्दल एक सूचना. ‘इथे तर काहीच जगत नाही, मग पाहणी कशाला’ असा युक्तिवाद नेहमी होतो. अशा वेळी ओढ्याचा वरचा स्वच्छ भाग आणि शेजारचे उपओढे तपासावेत. पाणी सुधारल्यावर जीव तिथूनच परत येणार. त्यांची वाट बंधाऱ्यानं किंवा उघड्या पाइपानं अडवायची नाही.

जमिनीखालचं नुकसान

पाइपाखाली आणि भोवती खडी किंवा वाळू भरतात. पाणथळ जागेतून गेलेला असा चर म्हणजे शेकडो मीटर लांबीचा निचरा. वर सगळं पूर्ववत दिसतं, पण भूजल खडीतून वाहत खाली जातं आणि दोनतीन वर्षांत पाणथळ कोरडी पडते. उपाय सोपा आणि स्वस्त आहे: ठरावीक अंतरावर चरात चिकणमाती किंवा बेंटोनाइट (पाण्यानं फुगणारी बारीक चिकणमाती) मिसळलेल्या मातीचे आडवे बांध घालायचे, खडीच्या थरासकट, दोन्ही बाजूंच्या मूळ मातीत घुसवून. पाणथळीत शिरताना आणि बाहेर पडताना एकेक हवाच. उतार जास्त तर मधलं अंतर कमी. बांध फक्त पाइपाच्या वर घातला तर पाणी खालच्या खडीतून जातच राहतं, आणि कामावर नेमकं हेच होतं.

दुसरा परिणाम अख्ख्या खोऱ्याचा. घरोघरच्या शोषखड्ड्यांतून जमिनीत मुरणारं पाणी गोळा करून दूर नेलं की भूजलाचं तेवढं पुनर्भरण थांबतं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर नासाऊ काउंटीत १९५० च्या दशकापासून गटारं टाकून पाणी समुद्राकडे नेलं; भूजल पातळी उतरली आणि ओढ्यांचा प्रवाह घटला. प्रदूषण थांबवायला गटारं हवीच होती. पण शुद्ध केलेलं पाणी त्याच खोऱ्यात वरच्या अंगाला सोडता येईल का, हा प्रश्न केंद्राची जागा ठरवतानाच विचारायचा असतो.

जुनी सांडपाण्याची तळी

नवं केंद्र बांधून सांडपाणी साठवून शुद्ध करणारी जुनी तळी बुजवायची असतील तर त्यांचीही पाहणी हवी, आणि ती बहुतेकदा राहून जाते. उथळ, पोषक, किड्यांनी भरलेलं पाणी पक्ष्यांना फार मानवतं. मेलबर्नजवळच्या वेरिबी इथली सांडपाण्याची तळी १९८२ पासून रामसर यादीतल्या (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतल्या) पाणथळ क्षेत्राचा भाग आहेत; सांडपाण्यावर मत्स्यशेती चालणारं पूर्व कोलकात्याचं पाणथळ क्षेत्र २००२ मध्ये त्या यादीत आलं. अशा ठिकाणी प्रक्रिया सुधारली की पाण्यातलं अन्न कमी होतं. काही तळी पक्ष्यांसाठी राखायची का, त्यांची पातळी कोण सांभाळणार, हे आधी ठरवावं लागतं.

खोदताना

वरची १५ ते ३० सेंटिमीटर माती वेगळी काढायची. बियांचा साठा बहुतांश तिच्याही वरच्या थरात असतो. ढीग २ मीटरपेक्षा उंच नको, त्यावर यंत्र चढवायचं नाही, आणि शक्य तितक्या लवकर त्याच तुकड्यात परत पसरायची. खालची माती वर आली तर तिथे प्रामुख्यानं तणच उगवतं. यंत्रांची चाकं आणि पट्टे एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाण्यापूर्वी धुवायचे, कारण आक्रमक तणांच्या बिया त्या चिखलातूनच प्रवास करतात.

ओढा उघड्या चरानं ओलांडायचा असेल तर किमान प्रवाहाच्या आणि मासे अंडी घालत नसलेल्या दिवसांत, वर तात्पुरता बांध घालून पाणी पंपानं वळवून. पंपाच्या तोंडाला बारीक जाळी हवी, आणि अडकलेले मासे आधी काढून खाली सोडायला हवेत. पाइप तळाखाली किती खोल, हे पुरात तळ किती खरवडला जातो त्यावर ठरवायचं. उथळ टाकलेला पाइप काही पुरांनंतर उघडा पडतो, त्याच्या खालच्या बाजूला खड्डा होतो आणि पाइपच बंधारा बनतो. मासे वर जाऊ शकत नाहीत, आणि पाइप फुटण्याचा धोका वेगळाच.

ओढ्याखालून बोअर करतानाही धोका आहे. बोअरमध्ये दाबानं सोडलेला बेंटोनाइटचा चिखल भेगांतून ओढ्याच्या तळाशी फुटून येतो. तो विषारी नसला तरी खडीवर बसून अंडी आणि शिंपले गुदमरवतो. परत येणारा चिखल अचानक कमी झाला किंवा दाब घसरला की पंप तत्काळ बंद करायचा. एक माणूस सतत ओढ्यावर नजर ठेवून हवा, आणि गोळा करायचं साहित्य काठावर तयार हवं.

रात्री उघडा राहणारा चर प्राण्यांसाठी सापळा असतो. दोन्ही टोकांना ४५ अंशांपेक्षा कमी उताराची मातीची किंवा फळीची वाट ठेवायची, लांब चरात मध्येही. पाइपांची तोंडं संध्याकाळी झाकायची आणि सकाळी काम सुरू होण्यापूर्वी कोणीतरी अख्खा चर चालून पाहायचा. हे काम ज्याच्यावर आहे त्याचं नाव ठेकेदाराच्या कागदावर असावं.

अहवाल वाचताना

पंपिंग स्टेशनचं आपत्कालीन पाणी कुठे जाणार, हे आधी शोधा. वीज गेली, पंप बंद पडला, पाऊस मुसळधार आला, की कच्चं सांडपाणी ज्या नळातून बाहेर पडतं त्याचं तोंड आराखड्यात असतं, पण परिणामांच्या प्रकरणात त्याचा उल्लेखही नसतो. ते तोंड पाणथळीत किंवा अंडी घालण्याच्या डबक्यात उघडत असेल तर जागा बदलावी, काही तासांचं पाणी साठवणारी टाकी आणि स्वतंत्र जनरेटर मागावा. मग देखभालीचा रस्ता पाहा: मॅनहोल साफ करणारी जड गाडी तिथवर कशी जाणार? काठावर कायमचा रस्ता होणार असेल तर तोही नुकसानात धरायला हवा. दिव्यांबद्दल काय लिहिलंय तेही पाहा. पंपिंग स्टेशनचा पांढरा दिवा रात्रभर ओढ्यावर पडला तर प्रकाश टाळणारी वटवाघळं तो मार्ग सोडतात. खाली तोंड केलेला, पिवळसर, गरज असेल तेव्हाच लागणारा दिवा पुरतो.

भरपाईत ‘एका झाडामागे दहा झाडं’ लिहिलेलं असेल तर ती कुठे, कोणत्या प्रजातींची आणि किती वर्षं पाणी घालून, हे विचारा. शिवाय वाहिनीच्या वर मोठी झाडं लावता येत नाहीत, मुळं सांध्यांतून पाइपात शिरतात. म्हणजे तोडलेल्या राईची जागा तिथेच भरून येत नाही. त्या पट्ट्यावर स्थानिक गवत आणि उथळ मुळांची झुडपं, आणि झाडं पट्ट्याबाहेर, असा वेगळा आराखडा लागतो.

शेवटी देखरेखीचं वेळापत्रक. बांधण्यापूर्वी जिथे नमुने घेतले त्याच ठिकाणी, त्याच महिन्यांत, त्याच जाळीनं नंतरही घ्यायचे, वरच्या तुलनेच्या ठिकाणासकट. वरचं ठिकाण सोडलं तर खालच्या बदलाला दुष्काळ कारणीभूत की केंद्र, हे ठरवता येत नाही. पाणथळीतल्या चराशेजारी भूजल मोजायची दोन नळकांडी बांधकामाच्या वर्षभर आधी बसवावीत आणि नंतर निदान तीन वर्षं दर महिन्याला वाचावीत. मातीचे बांध नीट बसले नसतील तर ते तिथे आधी दिसतं, आणि झाडं वाळण्यापूर्वी चर उघडून दुरुस्त करायला वेळ मिळतो.